शहाळ्यातलं पालाश

आमच्या घरात बटाटा दोनदा बुडून मरतो. आधी त्याची सालं काढायची, पातळ काचऱ्या करायच्या आणि कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून द्यायच्या. ते पाणी मोरीत ओतायचं. मग दुसऱ्या भरपूर पाण्यात उकडायचं आणि तेही पाणी मोरीत. उरतं ते बटाट्याचं भूत. त्याला मोहरी-हिंगाची फोडणी दिली की भूत जरा नटल्यासारखं दिसतं, पण तोंडात घातलं की कळतं, आत कुणी राहत नाही. दुधीचं तसंच, गाजराचं तसंच. टोमॅटोला तर आमच्या उंबऱ्याच्या आत यायलाच बंदी.

हे सगळं आमच्या ह्यांच्यासाठी. साखर बऱ्याच वर्षांपासून आमच्याकडे मुक्कामाला होती. तिनं आतल्या आत ह्यांच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या आणि ढेकरसुद्धा दिला नाही. पाय सुजले, भूक गेली, तोंडाला घाणेरडा वास यायला लागला, तेव्हा कुठे आम्ही नगर गाठलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिसगावहून पहाटेची जीप धरायची, नगरला जायचं, हे डायलिसिसच्या मशीनला लागतात, मी बाहेरच्या बाकावर बसून लसूण सोलते आणि दुपार कलल्यावर परत. ह्यांचं रक्त एका नळीतून बाहेर येतं, केसासारख्या बारीक पोकळ तंतूंमधून फिरतं आणि दुसऱ्या नळीनं परत जातं. तंतूंच्या बाहेर पाणी वाहत असतं. रक्तात जे जास्त, ते तंतूच्या भिंतीतून पाण्यात जातं. कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. जास्तीकडून कमीकडे, एवढाच कायदा.

हा कायदा मी उभी हयात नववीला शिकवला. मी विज्ञानाची शिक्षिका होते, म्हणजे निदान पगार तरी त्याचाच घेत होते. नगरहून बी.एस्सी. होऊन ह्या गावात आले तेव्हाची ती पोरगी मला आजही दिसते. काठीसारखी अंगकाठी, खळ घातलेली साडी, पायात उंच टाचेची चप्पल, आणि ती चप्पल काळ्या रानात रुतली की मागे वळून बघायचं, कुणी पाहिलं तर नाही ना. पाहिलेलं असायचं. सगळ्या गावानं पाहिलेलं असायचं. ह्या बाईसाहेबांना वाटे, आपण इथे दिवा लावायला आलो आहोत. वर्गात उभ्या राहून 'निवडक्षम पारपटल' हा शब्द अशा काही थाटात उच्चारायच्या, जणू तो त्यांनी माहेराहून आणलेला दागिना.

एकदा ह्या विदुषीनं मनुक्यांचा प्रयोग ठरवला. साध्या पाण्यात मनुके फुगतात, साखरेच्या दाट पाकात परत आक्रसतात, हे दाखवायचं. दोन वाट्या मांडल्या, एकीत पाणी, एकीत पाक. दोन्हींत मनुके टाकले आणि फळ्यावर आकृती काढायला पाठ फिरवली. आकृती मोठी सुरेख आली. वळून पाहते तर दोन्ही वाट्यांत मनुका नाही, आणि पाकसुद्धा निम्मा झालेला. करड्या आवाजात विचारलं, मनुके कुठे गेले? पहिल्या बाकावरची एक मुलगी शांतपणे उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पेशीत गेले." वर्गात कुणी हसलं नाही. उत्तर बरोबर होतं. ते कळायला बाईंना पुढची बरीच वर्षं लागली. दसरा-दिवाळी झाली की त्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी व्हायची, आईबापांबरोबर पोरं ऊसतोडीला जायची. उरलेल्यांना बाई सांगायच्या, पेशीला काय हवं आणि काय नको हे पटलाला बरोब्बर कळतं, म्हणून त्याला निवडक्षम म्हणायचं. कळतं कसलं डोंबल. सगळं ठीक चाललेलं असतं तोवर कळतं.

आमचे हे त्या ऊसतोडीच्या पोरांपैकीच एक, माझ्या वर्गांच्या आधीच्या पिढीतले. शिकले, पुढे तिसगावच्या बाजारपेठेत बी-बियाणं आणि खतांचं दुकान टाकलं. माझ्या विज्ञानाची त्यांनी कधी फारशी पत्रास ठेवली नाही. मला ते चारचौघांतसुद्धा 'बाई' म्हणतात, पोरं म्हणायची त्या सुरात. पण नत्र, स्फुरद, पालाश ह्या तिघांवर त्यांचं प्रेम होतं. कांद्याला काय द्यावं, डाळिंबाला काय, हे विचारायला लोक लांबून यायचे. पालाशचं तर त्यांना फार कौतुक. पालाशनं फळात वजन येतं, गोडी येते, झाड तहान सोसतं, असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे.

म्हणून नगरच्या डॉक्टरीणबाईंनी जेव्हा सांगितलं की आता सगळ्यात मोठी भीती पोटॅशियमची आहे, तेव्हा मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, म्हणजे पालाश. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या नातीपेक्षा जरा मोठ्या असतील. त्यांनी कागदावर एक गोल काढून समजावलं. पेशीच्या आत पालाश दाटीनं भरलेलं असतं, बाहेर अगदी थोडं. बाहेर मीठ जास्त, आत कमी. पेशीच्या भिंतीत पंप बसवलेले असतात, ते सारखे मीठ बाहेर फेकतात आणि पालाश आत ओढतात. ह्या आतल्या-बाहेरच्या फरकावर हृदयाचा ठोका चालतो. खाण्यातून आलेलं जास्तीचं पालाश किडनी लघवीवाटे काढून टाकते. ह्यांची ती वाट बंद. ते रक्तात साठत गेलं, की आतल्या-बाहेरच्यातला फरक मोडतो आणि हृदय बोलता बोलता थांबतं. दुखत नाही, सूचना मिळतेच असं नाही.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "आयुष्यभर पालाश मी इकलं, आता त्यानं मला गिऱ्हाईक केलं."

तर त्या दिवसापासून मी घराच्या दाराशी बसले. कामं दोन. पालाश आत येऊ द्यायचं नाही, बटाट्याची ती दोन पाणी त्यासाठीच, आणि पाणी मोजून द्यायचं. लघवी जवळजवळ थांबलेली, म्हणजे प्यालेलं पाणी जाणार कुठे? ते अंगात साठतं, मग फुप्फुसात. सकाळी एक बाटली भरून ठेवायची. दिवसभराचं पाणी तेवढंच, चहा त्यातलाच, गोळी गिळायचा घोट त्यातलाच. चैत्रातल्या दुपारी माठाकडे टक लावून बसलेला म्हातारा तुम्ही पाहिलाय का? पाहू नका.

आमचा हा भाग कोरडा. इथे दारात कुणी आलं की नाव-गाव विचारायच्या आधी तांब्या पुढे करायचा. पाण्याला नाही म्हणणारी बाई म्हणजे काय, हे गावानं मला न बोलता समजावलं. पुढे बोलूनही समजावलं. मास्तरीण नवऱ्याला पाण्यावाचून मारती हाय, दुकान तिच्या नावावर व्हायचं असंल, अशी चर्चा पिठाच्या गिरणीवर झाल्याचं मला गिरणीवाल्यानंच पीठ देताना सांगितलं. चांगला माणूस आहे, बातमीचे वेगळे पैसे घेत नाही.

आणि शहाळी. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये ही आपली रीत, आणि हातात काय असावं तर शहाळं. कुणाला कावीळ होवो, कुणाचं हाड मोडो, कुणी बाळंत होवो, शहाळं सगळ्यांना चालतं. ह्यांना तेवढं ते चालत नाही. शहाळ्याचं पाणी म्हणजे नुसतं पालाशच. आलेल्या माणसाला हे सांगत बसले तर त्याचा चेहरा पडायचा, शिवाय गिरणीवर नवा विषय. म्हणून मी एक युक्ती काढली. हसून शहाळं घ्यायचं, 'आता पाजते हं' म्हणायचं, स्वयंपाकघरात जायचं आणि ओट्याला टेकून स्वतः गटागटा प्यायचं. माझ्या किडन्या ठणठणीत. त्या उन्हाळ्यात माझ्या गालावर अशी काही तकाकी आली की नातीनं विचारलं, आजी, तू कुठलं क्रीम लावतेस? मी म्हटलं, आजोबांच्या आजाराचं.

ह्या सगळ्या पहाऱ्यात एक फट राहिली. तिचं नाव आक्का.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. दिली नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरच्या बाजूला, पाटाच्या पाण्याच्या मुलखात. नवरा गेलेला, मुलं आपापल्या शेतात. धाकट्या भावावर तिचा जीव कसा, हे कळायला एक गोष्ट सांगावी लागेल. ती आक्काच सांगायची, लग्न झाल्यापासून मी ती इतक्यांदा ऐकली की मधूनच कुठूनही म्हणून दाखवीन. त्यांचे आईबाप ऊस तोडायला त्याच बेलापूरकडच्या मुलखात जायचे. आईबाप फडात, आणि उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, आक्का, परकरातली पोर, कडेवर हा भाऊ. एका वर्षी ह्याला हगवण लागली. पाण्यासारखी. डोळे खोल गेले, रडायचं थांबलं, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. आई म्हणाली, जाऊ दे, देवाचं हाय ते. आणि कोयता घेऊन फडात गेली, कारण गाडी भरायची होती. आक्कानं त्याला फडक्यात बांधलं, डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, भारा घेतला आणि बाजाराच्या गावापर्यंत चालत गेली. तिथे एक शहाळीवाला बसायचा, त्याच्याकडे गाय होती. आक्कानं वाढ्यांचा भारा त्याच्यापुढे टाकला आणि एक शहाळं मागितलं. बोट बुडवून बुडवून, थेंब थेंब, तिनं ते भावाच्या तोंडात घातलं. संध्याकाळी भाऊ रडला.

"रडला, तवा म्या हासले," इथे गोष्ट संपायची.

मी लग्न होऊन आले आणि ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली, तेव्हा ती बी.एस्सी.वाली पोरगी काय म्हणाली असेल? ती म्हणाली, आक्का, ते शहाळं नाही हो, त्यातली साखर आणि क्षार. आतड्याच्या पेशीत साखर शिरताना मिठाला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. आक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आसंल बाई. तुला ठावं." त्या काठीला एवढंही कळलं नाही, की आपण एका बाईच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका चमत्कारावर शेरा मारून आलो.

तर ह्या आक्का होळी झाल्यावर राहायला आल्या. मी त्यांना बजावलं होतं, आक्का, ह्यांना पाणी मोजून द्यायचं, ह्या बाटलीपलीकडे घोट नाही, कितीही मागितलं तरी. आक्का म्हणाल्या, बरं. एका बाजारच्या दिवशी मी भाजीला गेले. परत आले तर आक्का ओसरीत बसलेल्या, चेहरा उजळलेला, आणि भिंतीशी दोन शहाळी फोडून ठेवलेली, आतून चांदीसारखी खरवडलेली.

मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं. "लई पानी पानी करत हुता गं. पर तू बजावलं हुतंस ना, म्या थेंब दिला न्हाई पान्याचा. शहाळं दिलं."

मी पाणी म्हटलं होतं. पाणी म्हणजे माठातलं, नळातलं, टँकरचं. शहाळं पाण्यात मोडतं, हे आक्काच्या डोक्यात यायचं काहीच कारण नव्हतं. शहाळं म्हणजे औषध, आणि औषध बंद कर असं मी कुठे म्हटलं होतं? गावातल्या एकूण एक माणसाचं शहाळं मी दारात अडवलं, आणि घरातल्या माणसासाठी चुकीचा शब्द वापरला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते खाटेवर पडून भिंतीकडे बघत होते. चुकीचा शब्द त्यांना तरी कळायला हवा होता. नत्र, स्फुरद, पालाश ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं, त्या माणसानं दोन शहाळी प्यायली आणि वर मलईही खाल्ली.

डॉक्टरीणबाईंना मोबाईल लावला. त्या म्हणाल्या, आहात तशा निघा. जीप बोलावेपर्यंत ह्यांच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. पाय उचलेनात. जीपवाल्यानं आणि मी मिळून त्यांना आत चढवलं, आणि मी तुम्हाला सांगते, खताचं पोतं उचलताना दोघांना जेवढी धाप लागते तेवढीच लागली. आक्का दाराशी उभ्या राहून हळहळत होत्या, अशक्तपना लई आलाय, दोनानं काय हुतंय, आनखी एक द्यायला पायजे हुतं.

नगरला त्यांनी छातीला तारा लावल्या. कागदावर ठोक्यांच्या रेघा आल्या, उंच, टोकदार, ओळीनं राहुट्या ठोकल्यासारख्या. हृदय सांभाळायला एक इंजेक्शन दिलं. मग इन्शुलिन, आणि त्याच्याबरोबर साखरेचं सलाईन. साखरेच्या रोग्याला साखर? मी विचारलं. डॉक्टरीणबाईंचं लक्ष मॉनिटरवर होतं, तशाच म्हणाल्या, इन्शुलिननं पेशीच्या भिंतीतले ते पंप जोरात चालतात, रक्तातलं पोटॅशियम आत ओढलं जातं. ते अंगाबाहेर गेलेलं नाही, फक्त पेशीत लपवलंय, मशीन मोकळं होईपर्यंत. आणि साखर द्यायची ती इन्शुलिननं रक्तातली साखर पार तळाला जाऊ नये म्हणून. मला समजलं. पाहुणे दारात आले की आपण पसारा कॉटखाली सरकवतो, तसं. मी काचेतून बघत राहिले. माझ्या फळ्यावरच्या त्या सुरेख आकृतीत बाण होते, आत जाणारे आणि बाहेर येणारे. ते बाण कुणाच्या तरी नवऱ्यात असतात, हे काही मी काढलं नव्हतं.

मशीन मिळालं. राहुट्या खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांना बोलता येऊ लागलं. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हुतं."

"मग प्यालात कशाला?"

"तिनं तोंडाशी धरलं." मग म्हणाले, "तहान बी लागली हुती."

त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला सुयांच्या पट्ट्या होत्या, पकड तरी घट्ट होती. "आक्काला सांगायचं न्हाई, बाई. शहाळ्यानं झालं, हे तिला कळता कामा नये. तू सांगितलंस, तर त्या दिसापासून मी मशीनला यायचा न्हाई. बघ मग."

माझ्यापुढे वाटाघाटीला जागा नव्हती. मी हो म्हटलं. आक्काला निरोप गेला, अशक्तपणा होता, आता बरं आहे. आता विचार करा. अशक्तपणा म्हटल्यावर आक्का काय करणार?

पुढच्या वेळी त्या एसटीतून उतरल्या तेव्हा कंडक्टरनं त्यांच्यामागून एक पोतं खाली ठेवलं. पोतंभर शहाळी.

आता आली का पंचाईत. तोंडानं सांगायचं नाही आणि पोटात जाऊ द्यायचं नाही. पण तुम्हाला मी सांगितलंच आहे, शहाळ्यांच्या बाबतीत माझा हात बसलेला होता. मी म्हटलं, आक्का, तुम्ही दमून आलात, बसा ह्यांच्याजवळ, मी आणते फोडून. आत जाऊन शहाळ्याला भोक पाडायचं, पाणी मी प्यायचं, आणि त्याच भोकातून बाटलीतलं मोजकं साधं पाणी आत ओतायचं. वर स्ट्रॉ. बाहेर आणून ह्यांच्या हातात. ह्यांनी पहिला घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. आणि मग त्या माणसानं असा अभिनय केला म्हणता. डोळे मिटले, मान डोलावली, म्हणाले, "आक्का, काय गोड हाय गं." आक्का खूष. मी पदर तोंडाला लावून आत पळाले. आमच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेली ही पहिलीच लबाडी, आणि सांगायला हरकत नाही, त्या चार-सहा खेपांत आम्ही जेवढे सुखात होतो तेवढे आधी फार कमी वेळा होतो. रात्री ते हळूच म्हणायचे, बाई, उद्याच्या शहाळ्यात जरा थंड पाणी घाल की माठातलं.

पण आक्कानं आयुष्यभर कोयता चालवलेला. तिला हे किती दिवस पटणार, की फोडायचं काम मास्तरणीनं करावं? एका सकाळी मी भांडी घासत होते आणि ओसरीतून आवाज आला, टच्, टच्. बाहेर आले तर आक्का पाटावर बसलेल्या, डाव्या तळहातावर शहाळं तोललेलं, उजव्या हातात कोयता. तीन घावांत तोंड उडवलं, थेंब सांडला नाही. आणि शहाळं भावापुढे धरलं. "घे. तिला न्हाई जमत, निम्मं सांडून आनती. पानचट लागत आसंल तुला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी आक्काकडे पाहिलं. आणि हात पुढे केला.

तो हात मी पाहिला. काही विसरलेल्या माणसाचा तो हात नव्हता. ते शहाळं घेणार होते, पिणार होते, आणि 'गोड हाय' म्हणणार होते, आणि ह्या वेळी ते खरं असणार होतं.

"आक्का, ते देऊ नका," मी म्हटलं. "मागल्या वेळी त्यांचं हृदय थांबायला आलं होतं, ते ह्यानंच."

हे म्हणाले, "बाई." एवढंच.

आक्कानं शहाळं धरलेला हात मागे घेतला नाही, पुढेही केला नाही. तिनं भावाला विचारलं, "व्हय रं?" भाऊ भिंतीकडे बघायला लागला. मग तिनं मला विचारलं, "मंग त्या येळंला?"

मला कळलं ती कुठल्या वेळेचं विचारते आहे. मी तिच्याजवळ खाली बसले. ह्या खेपेला मी कायद्याचं नाव घेतलं नाही, पेशीचंही नाही. म्हटलं, आक्का, त्या वेळी त्यांच्या अंगातून सगळं वाहून गेलं होतं, जे गेलं होतं तेच शहाळ्यात होतं, म्हणून ते वाचले. तुम्हीच वाचवलं. आता अंगातून बाहेर जायची वाटच बुजली आहे. तेच आत साचतं आणि तेच मारतं. शहाळं तेच आहे, माणूस बदललाय.

आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला तास तो झाला असेल. आकृती नाही, मनुके नाहीत, आणि विद्यार्थ्याला पहिल्या फटक्यात समजलं. आक्कानं शहाळं जपून खाली ठेवलं, ते कलंडू नये म्हणून त्याला कोयत्याचा टेकू दिला. मग म्हणाली, "म्हंजी म्याच."

मी म्हटलं, तसं नाही हो आक्का, चूक माझी, मी पाणी म्हटलं, शहाळं म्हणायला हवं होतं. ती ऐकत नव्हती. ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती, उलटे, सुलटे, जणू कुणी तरी बदलून दिलेत.

हे बोलल्याप्रमाणे वागतील अशी मला भीती होती. वागले नाहीत. मशीनला येतात. जीपमध्ये बसतात, उतरतात, माझ्याशी मात्र कामापुरतं बोलतात. 'बाई' म्हणायचं त्यांनी बंद केलं. मला वाटायचं ती थट्टा आहे. ती गेल्यावर कळलं, मला दुसऱ्या कुठल्या नावानं त्यांनी कधी हाकच मारली नव्हती. जिवंत नवरा समोर खाटेवर, आणि मला घरात हाक नाही.

आक्का बरेच दिवस आली नाही. मीच तिच्या मुलाला फोन करकरून बोलावून घेतली. आली ती रिकाम्या हातानं. खाटेपासून लांब, दाराशी बसली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. भावानं खुशाली विचारली, तिनं मान हलवली. भात जरा वाढ म्हणाला, तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं त्याच्या ताटाला, त्याच्या पांघरुणाला, त्याच्या औषधाच्या डबीला बोट लावलं नाही. ज्या बाईनं त्याला फडक्यात बांधून चालत नेलं, ती त्याच्याजवळून जाताना लुगडं आवरून घेत होती, चुकून लागेल म्हणून.

दुपारी ऊन तापलं. मी बाटलीतलं पाणी पेल्यात घेतलं, दुपारचं त्यांचं जेवढं तेवढं. ह्यांनी हात पुढे केला नाही.

"आक्का, तू दे," ते म्हणाले.

आक्का म्हणाली, "तिच्या हातचं घे."

मी पेला आक्काजवळ नेला. म्हटलं, आक्का, हे मी मोजलेलं आहे, साधं पाणी आहे, ह्यानं काही होत नाही, द्या तुम्ही. तिनं हात पदराखाली आणखी आत ओढले. "नगं गं. माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

"मंग मला तहान न्हाई," हे म्हणाले.

मी पेला दोघांच्या मधे स्टुलावर ठेवला. ह्या घराण्यातला हट्ट मला माहीत आहे, मी त्यातच म्हातारी झाले. वाटलं, एक जण तरी हलेल. ह्यांचे ओठ वाळून पांढरे पडले होते, जीभ टाळ्याला चिकटल्याचा आवाज मला ऐकू येत होता. आक्का त्या आवाजाकडे पाठ करून बसली. ती उठायची, दारातून बाहेर बघायची, परत बसायची. मी मधे दोनदा पेला उचलून ह्यांच्या तोंडाशी नेला. दोन्ही वेळा त्यांनी मान फिरवली, अगदी हळू, मला लागू नये अशी. चारच्या एसटीनं आक्का गेली. पेला भरलेलाच होता. संध्याकाळी पेल्यात मुंग्या तरंगत होत्या. नवं पाणी दिलं, तेही त्यांनी घेतलं नाही. पुढच्या सकाळी नगरला जायचं होतं, तोवर गोळीपुरते घोट घेतले, तेवढेच.

मशीनला लावण्याआधी तिथे वजन करतात. मागच्या खेपेपासून अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं. हे काट्यावर उभे राहिले. तिथली मुलगी वाकून आकडा बघायला लागली, मग तिनं तो पुन्हा बघितला आणि हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ह्यांचं वजन हवं तेवढं आलं होतं.

"काका, ह्या वेळी पाणी छान सांभाळलंत," ती म्हणाली. "असंच ठेवा हं."

"ठेवतो की," हे म्हणाले, आणि सुईसाठी हात पुढे केला.